अळणी

“मीठ टाकायचं राहिलं का रे बाळा यात?”

आईने हे विचारलं तेव्हा तिचा आवाज काही चढलेला नव्हता. घरी बोलते तेवढ्याच आवाजात बोलली. पण त्या ठिकाणी बाकीचे सगळे कुजबुजत होते, वरून लोंबणारे पिवळे दिवे टेबलापुरताच उजेड पाडत होते, आणि गाणंही असं लावलेलं की आहे की नाही ते कळू नये. त्यात आईचा आवाज, जुन्या नागपुरातल्या महाल वस्तीतला, थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन लागला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने मान वळवून पाहिलं. वेटर म्हणजे विशी-बाविशीचा पोरगा, काळा शर्ट, काळा एप्रन, हातात टॅब. तो होता तिथेच थबकला. आणि मी, डोक्यात काही यायच्या आत, आईच्या मनगटावर हात ठेवून म्हणालो, “आई, हळू. इथे असं नाही बोलत.” मग त्या पोराकडे पाहून हसलो. “छान आहे, छान आहे.”

छान नव्हतं. ‘सावजी मशरूम रिसोटो’ असं नाव होतं त्याचं, किंमत ५९५ रुपये, आणि परातीएवढ्या ताटाच्या मधोमध मूठभर आसट भात. मीही दोन घास खाल्ले होते. सावजीचं, म्हणजे आमच्या नागपुरी झणझणीत मसाल्याचं, त्यात फक्त नाव होतं आणि मीठ खरोखरच नव्हतं. टेबलावरही नव्हतं. अशा ठिकाणी मिठाची डबी ठेवत नाहीत. शेफच्या हाताने जे पडलं तेच माप, त्यावर आपण काही टाकायचं नसतं. आई त्यानंतर काही बोलली नाही. एक शीतही न ठेवता तिने तो भात संपवला, आजारातून उठलेलं माणूस जेवतं तसा. घरी आल्यावर माठातलं पेलाभर पाणी प्यायली आणि झोपायला गेली. मे महिन्यातली गोष्ट आहे ही. मृग लागला, पाऊस झाला, पोळा होऊन मारबती निघाल्या, तरी ते ‘हळू’ माझ्या मागून जायला तयार नाही.

खरं तर तिला न्यायचा हट्ट माझाच होता. बायकोचा वाढदिवस, लेक पुण्याहून सुट्टीवर आलेली, आणि धरमपेठेच्या बाजूला ही नवी वाइन बार उघडलेली. आई म्हणाली होती, “तुम्ही जा ना बाप्पा, मी कायले?” पण मला ते दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं, ते आज नीट सांगता येत नाही. आपला मुलगा कुठे बसतो-उठतो ते, बहुतेक. आईचं माहेर वर्ध्याचं. जिल्ह्यात दारूबंदी झाली १९७४ मध्ये आणि आईचं लग्नही त्याच वर्षीचं, त्यामुळे मामालोकांना नागपुरात हक्काचा मुक्काम आयताच मिळाला, असं बाबा हसून सांगायचे. पाऊणशे किलोमीटर एसटीने येऊन बहिणीची ख्यालीखुशाली विचारायची, चहा घ्यायचा आणि दिवेलागणीला “जरा पान खाऊन येतो” म्हणून निघायचं. त्या पानाला अडीच तास लागत. आई काही बोलायची नाही. सकाळी मात्र दोघांपुढे न मागता हिंग-जिऱ्याचं ताक ठेवायची, आणि ते ठेवताना पेला जरा आपटायची. दारूशी तिचा संबंध एवढाच, आपटलेल्या पेल्याइतका.

तर त्या रात्री मेन्यू हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, तिने एका ओळीवर बोट ठेवलं. ‘ऑरेंज वाइन.’ हे तिला वाचता आलं. “संत्र्याची आहे काय ही?” तो पोरगा म्हणाला, नाही काकू, द्राक्षाचीच. मग त्याने मन लावून सांगितलं. पांढऱ्या वाइनसाठी रस काढला की साली लगेच बाजूला करतात. या प्रकारात पांढऱ्या द्राक्षांचा रस सालींसकट ठेवतात, कधी काही दिवस, कधी काही महिने, म्हणून रंग असा केशरी चढतो आणि चवीला जरा तुरट लागते. जॉर्जिया नावाच्या देशात तर मोठाले मातीचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरून त्यात हे करतात, फार पुरातन पद्धत आहे. (मी नंतर शोधलं. खरं आहे. त्या रांजणांना क्वेव्री म्हणतात आणि २०१३ मध्ये युनेस्कोने त्या पद्धतीला वारसा म्हणून यादीत घेतलंय.) आईला ते रांजण लगेच कळले. “म्हणजे लोणच्याची बरणी पुरायची जमिनीत.” पण नावाचं काही तिला पटेना. “मग त्यात संत्रं नाहीच, तर नाव संत्र्याचं कायले? अन् तेही नागपुरात?” पोरगा हसला. त्याचं गाव काटोलकडचं निघालं, घरी संत्र्याची दीडशे झाडं. मग पाच मिनिटं दोघांचं आंबिया बहार अन् मृग बहार सुरू झालं. यंदा फळगळ किती झाली, व्यापाऱ्याने भाव काय दिला. संत्र्याचा रस काढून ठेवला की घटकाभराने कडू होतो, त्याची दारू काय कपाळ होणार, असं आई म्हणाली आणि त्याने मान डोलावली, “हौ काकू, आमच्या घरी पण लगेच पिऊन टाकतात.” तेवढी पाच मिनिटं ती वाइन बार जणू आमच्या ओट्यावर आली होती. म्हणूनच तर तिने पुढे त्याला एवढ्या सहज विचारलं, मिठाचं. ती वेटरला विचारत नव्हतीच, काटोलच्या पोराला विचारत होती.

आणि मी मध्ये पडलो.

मला ही ठिकाणं आवडत नाहीत असं मुळीच नाही. तसं लिहिणं फार सोपं आहे, आणि आमच्याकडे ते लिहिणारे पुष्कळ आहेत: पूर्वीचा नागपूर, पूर्वीची चव, आताचा नुसता देखावा. मी ऐन विशीत असताना बाहेर बसायचं म्हणजे परमिट रूम. काळ्या काचा, दिवसाही अंधार, कोपऱ्यात माशांची पेटी, त्यातला एक मासा कायम उताणा. काउंटरवर पाच रुपयांचं एका दिवसाचं परमिट फाडून मिळायचं, कागदोपत्री आपण तब्येतीसाठी पीत असायचो. आणि जिन्यावर पाटी: ‘फॅमिली वर.’ वर म्हणजे काय, तर प्लायवूडचे कप्पे आणि त्यांना पडदे. लग्नानंतर एकदा बायकोला घेऊन गेलो तर वेटर पडद्याबाहेरून खाकरून आत यायचा. जेवण चांगलं होतं, डाळभाजी आणि तंदुरी पोळी अजून आठवते, पण ती म्हणाली होती, “इथे आपण काही चोरून करतोय असं वाटतं.” आज तीच बायको तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणींसोबत, चौघीजणी, दुपारी दोन वाजता काचेच्या दर्शनी टेबलावर बसून पांढरी वाइन मागवते आणि रस्त्यावरून जाणाऱ्याने पाहिलं तर हात हलवते. त्या पिवळ्या दिव्यांना मी नावं ठेवतो, पण हे त्या दिव्यांखालीच झालं. लेकीने त्या रात्री आजीला सरळ विचारलं, “आजी, मी एक ग्लास घेऊ?” कायद्याने ती एकवीसच्या पुढे आहे, बियर-वाइनची परवानगी आहे, ‘हार्ड’ला अजून तीन वर्षं थांबायचंय. आईने तिचा ग्लास नाकाशी नेला, वास घेतला, परत दिला. “घे. पण जेवण पोटभर कर.” मामांच्या वाट्याला हा आवाज कधी आला नव्हता.

वाइनचं मला कळतं असं घरी सगळे समजतात, कारण मी एकदा नाशिकला जाऊन आलोय. तिथे द्राक्षाच्या मळ्यात उभं करून आम्हाला ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, हे शिकवलं होतं. तेवढ्या भांडवलावर चाललंय. बाटली आणली की वेटर आधी घोटभर ओततो आणि थांबतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, कंजूषपणा करतोय. तो घोट असतो तपासायला: बूच खराब असलं तर वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो, तसा आला तर बाटली परत. म्हणजे अख्ख्या जेवणात एकच क्षण असा, की हॉटेल तुम्हाला प्रामाणिकपणे विचारतं, ठीक आहे का? नाही म्हणालात तर राग नाही, तोच रिवाज आहे. आणि मी आजवर प्रत्येक वेळी मान हलवलीय. सिव्हिल लाइन्सच्या एका जागी तर ग्लासने घेतलेली वाइन सरळ शिरका झाली होती, बाटली किती दिवसांची उघडी होती देव जाणे, तरी मी “नाइस” म्हणालो आणि पूर्ण प्यायलो. घशाशी आंबट ढेकर रात्रभर. आता तर आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना बूच नसतंच, फिरकीचं झाकण असतं. तो कर्रकन झाकण उघडतो, घोट ओततो, मी ग्लास फिरवतो, डोळे बारीक करतो, मान हलवतो. त्याला माहीत, मला माहीत.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असंही आम्हाला नाशिकला सांगितलं होतं. नागपुरात येऊन मी हे मे महिन्यात अमलात आणलं. त्यांची रूम सोळा-अठरा अंशांची असते हे कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून मारून खोली पस्तीसवर आणली तरी आपण स्वतःची पाठ थोपटतो. ती शिराज कढत काढ्यासारखी लागली. वरून मी तिच्यासोबत इतवारीतून आणलेलं सावजी मटण घेतलं. ते कोणी करू नये. द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा आणि तर्रीचं तिखट जिभेवर भेटले की एकमेकांना चिथावतात. कानातून वाफा निघाल्या. उलट जराशी गोडसर पांढरी शेनिन ब्लाँ, बर्फात ठेवून चांगली गार केलेली, पाटोडीच्या रश्शासोबत काय लागते म्हणून सांगू. तिखटाचा भडका उठतो आणि ती त्यावर पाणी शिंपडल्यासारखी येते. हे मात्र मला एका वाइन बारमधल्याच मुलीने सांगितलं होतं, ट्रे हातात धरून, न विचारता. म्हणून म्हणतो, सगळंच काही देखावा नसतं.

सावजी आमच्या घरी यायचं ते डब्यातून. रविवारी सकाळी अकराला बाबा सायकलला पिशवी अडकवून निघायचे, पिशवीत स्टीलचा तीन ताळी डबा. तो डबा वेगळा होता. एरवी कशाला वापरायचा नाही, राखेने कितीही घासला तरी झाकणाच्या आतल्या कडेला वास राहायचाच: जवसाच्या तेलाचा, खसखशीचा, दगडफुलाचा, भाजून काळ्या केलेल्या मसाल्याचा. चारदोनदा बाबा मलाही घेऊन गेले. एका कोष्ट्याच्या घराचीच पुढची खोली, बाकडी, वर गरगरणारा पंखा, मागे पडदा, पडद्यामागे चूल. पूर्वी त्याच खोलीत हातमाग असायचा, भिंतीला त्याच्या खुंट्या होत्या. लोक नाक पुसत, घाम पुसत जेवायचे आणि जेवता जेवता ओरडायचे. “भाऊ, आज मीठ पुढे गेलं गा!” “रस्सा पातळ काहून झाला?” गल्ल्यावरचा माणूस काही वाईट वाटून घ्यायचा नाही. तो मागे वळून पडद्याला सांगायचा, “ऐकलं का, मीठ पुढे गेलं म्हणतात.” आणि पडद्यामागून एक बाईचा आवाज, “मंग भात घ्या म्हणा वरून.” मला ते फार आवडायचं. मीठ जास्त झालं हे सांगायचं आणि तरी पुढच्या रविवारी यायचं.

हे सगळं मी बायकोला सांगत होतो, त्या जेवणानंतर दोनेक आठवड्यांनी, रात्री ओट्यावर बसून. की बघ, तिथे कसं माणसं मोकळी बोलायची, आणि आपण पाच-सहा हजार मोजूनही खोटं बोलून येतो. सर्व्हिस चार्जचंही तसंच. २०२२ पासून नियम आहे की तो आपोआप बिलात लावता येत नाही, मला हे पाठ आहे, चारचौघांत सांगतोही, आणि प्रत्यक्ष बिल आलं की कार्ड पुढे करतो. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई कधी गेल्या होत्या तिथे?”

“कुठे?”

“सावजीकडे. आत. बसून जेवायला.”

कधीच नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. तिथे बाया नसायच्याच, पडद्यामागच्या सोडून. आईने चाळीस वर्षं ते मटण डब्यातून खाल्लं, तेही आम्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर, तळाशी राहिलेलं. पण डबा उघडायची तीच. झाकण काढून, तळहातावर दोन थेंब घेऊन जिभेला लावायची आणि निकाल द्यायची. “आज जवसाचं तेल नाही, दुसरं कोणतं तरी आहे.” “खसखस कमी पडली.” “मीठ नाही टाकलं बरोबर, चिमटीने टाकलं त्यानं, मुठीनं टाकायला पाह्यजे होतं.” ते बाबा पुढच्या रविवारी जाऊन सांगायचे, स्वतःचं म्हणून. म्हणजे त्या खोलीत जे मोकळं बोललं जायचं, जे मला एवढं आवडायचं, त्यातलं आमच्या घरचं जे होतं ते आईचं होतं. ती फक्त तिथे नसायची. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा पदार्थ करणाऱ्याच्या माणसासमोर बसून बोलली, आणि तिथे मी तिच्या मनगटावर हात ठेवला.

मग मी ठरवलं, तिला सावजीकडे न्यायचं. दसरा होऊ दिला. जुनी खोली आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. पण तसल्या बऱ्याच जणांनी आता मोठ्या रस्त्यांवर एसी हॉल काढलेत, टाइल्सच्या भिंती, स्टीलचं वॉशबेसिन, लहान मुलांसाठी उंच खुर्ची. बाया-पोरी सगळ्या बसतात. दुपारी आम्ही दोघंच गेलो. आईने ठेवणीतली हिरवी नारायणपेठ नेसली होती, जेवायला जाताना नेसतात का कोणी, पण नेसली. आत आल्यावर बसायच्या आधी तिने मागे कुठे स्वयंपाकघर आहे ते शोधलं. दाराला गोल काच होती. ती काचेतून थोडा वेळ पाहत उभी राहिली. आत गॅसच्या मोठ्या शेगड्या आणि चारपाच पोरं, डोक्याला जाळ्या. “बाया नाहीत का?” एवढंच म्हणाली आणि येऊन बसली.

मटण आलं, भाकरी आली, कापलेला कांदा, लिंबू, वर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, भुरभुरवलेलं. वाटीत वर काळपट लाल तर्रीचा बोटभर थर. आईने सवयीने तळहात पुढे केला, मग आजूबाजूला पाहिलं आणि तो मागे घेऊन चमचा उचलला. चाखलं. काही म्हणाली नाही. मी विचारलं, “कसंय?” ती म्हणाली, “जेव तू.” आम्ही जेवलो. मी दोनदा रस्सा मागवला, मला भुकेच्या तडाख्यात काही कळत नव्हतं. गल्ल्यावरचा माणूस फिरत फिरत टेबलांशी येत होता, चांगला अगत्याचा, कपाळाला गुलाल. आमच्याशी थांबला, वाकला. “कसं झालं काकू? काही कमी-जास्त?”

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहून हसली.

“छान आहे,” ती म्हणाली. “छान आहे.”

तो खूश होऊन पुढच्या टेबलाकडे गेला. तिच्या वाटीत अर्धाअधिक रस्सा तसाच होता, वर तर्री थिजायला लागलेली. मी माझा चमचा त्यात बुडवून पाहिला. खारट होता, चांगलाच. मी काही बोलायच्या आत आईने वाटी माझ्याकडे जराशी सरकवली आणि पुढे वाकून, शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली, “पार्सल करून दे म्हण त्याले. घरी दोन आलू टाकते त्यात.”